पॉइंट टू टू वरचा रेड डॉट दर वेळी झिरो सोडतो? साइट बदलायच्या आधी हे तपासा

पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलवर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट, लावणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. मागच्या वेळी ५० मीटरवर व्यवस्थित झिरो करून, म्हणजे डॉट जिथे तिथेच गोळी लागेल असं जुळवून, ठेवलेली रायफल आज बाहेर काढली, पहिल्या पाच गोळ्या मारल्या आणि सगळ्या डावीकडे खाली, मग साइटचा स्क्रू दोन क्लिक इकडे चार क्लिक तिकडे करत एकदाचं मध्यभागी आणलं, घरी आलो, आणि पुढच्या वेळी परत तेच, फक्त या वेळी उजवीकडे. तिसऱ्यांदा असं झालं की माणूस ठरवूनच टाकतो की स्वस्तातला रेड डॉट असाच असणार, पैसे पाण्यात गेले, आता महागातला घ्यायलाच हवा.

मी या चक्रातून गेलोय म्हणून मनापासून सांगतो, थोडं थांबा. पॉइंट टू टू रिमफायरचा (काडतुसाच्या कडेवर ठोका बसून सुटणाऱ्या छोट्या गोळीचा) धक्का इतका कमी असतो की साधा, परवडणारा रेड डॉटसुद्धा तो सहज झेलतो. बिघाड सापडतो तो बहुतेक वेळा साइटच्या खाली, माउंट (साइट रायफलवर धरून ठेवणारा तुकडा) आणि रायफल जिथे एकमेकांना धरतात तिथे, आणि त्याच्या नंतर गोळीत आणि डोळ्यात. साइटच्या आतला दोषही असतो, त्याची टेस्ट पण खाली दिली आहे, पण ती शेवटी करायची. कारण उलट्या क्रमाने गेलं की नवीन साइट येते, ती त्याच ढिल्या माउंटवर बसते आणि तीही "खराब" निघते.

माउंटवर मी एवढा जोर का देतोय ते एका हिशोबातून कळेल. छोट्या रेड डॉटचा पाय, म्हणजे रायफलवरच्या पट्टीवर, रेलवर, बसणारा भाग, लांबीला साधारण ४० मिलिमीटर असतो. त्याच्या एका टोकाखाली साध्या कागदाएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटरची फट पडली तर ५० मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर सरकते. साडेबारा सेंटीमीटर! कागदाच्या जाडीला! आता विचार करा की त्या फटीत रंगाचा पोपडा, तेलाचा थर किंवा अर्धवट बसलेला स्क्रू असेल तर काय होत असेल. लांब दुर्बिणीला दोन रिंगा लांब लांब असतात, त्यामुळे तीच फट तिथे कमी नडते, रेड डॉटचा पाय आखूड म्हणून त्याला जास्त नडते.

माझ्या बाबतीत झालं ते असं. हाताने बोल्ट ओढायची बोल्ट ॲक्शन रायफल, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागावर) जुन्या पद्धतीची खाच, त्यावर रेड डॉट बसवायला एक छोटा ॲडॅप्टर आणि त्यावर साइट. तीन वेळा झिरो गेला. चौथ्या वेळी मी क्लिकला हातच लावला नाही, त्याऐवजी ॲडॅप्टर आणि रिसीव्हर दोघांवरून जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली, साइट आणि ॲडॅप्टरच्या जोडावर दुसरी, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एकेक. वाळू दिली. मग ४० गोळ्या मारल्या आणि उन्हात तिरकं धरून बघितलं. वरची रेघ अखंड, स्क्रूवरच्या रेघा अखंड, आणि रिसीव्हरवरची रेघ तुटलेली, दोन टोकांमध्ये केसाएवढं अंतर. म्हणजे स्क्रू घट्टच होते, तरी ॲडॅप्टर अख्खाच्या अख्खा पुढे सरकत होता. त्या एका रेघेने मला जे सांगितलं ते तीन डबे गोळ्या घालवून कळलं नव्हतं.

तर पहिलं काम हेच. क्लिक फिरवणं बंद. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने बघा आणि बोट घालून पण बघा, गोळ्या टेबलावरून लांब ठेवा, आणि मगच रायफलला हात लावा. ही तपासणी करताना रायफल वीस वेळा इकडून तिकडे फिरणार आहे, म्हणून दर वेळी परत बघायचं, यात आळस नको.

आता खाच कोणती आहे ते ओळखा, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. रिमफायर रायफलवर दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे रिसीव्हरच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी तासलेली अरुंद डोव्हटेल, युरोपियन रायफलवर ११ मिलिमीटर आणि अमेरिकन पद्धतीच्या रायफलवर ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. दुसरा म्हणजे रुंद, आडव्या खाचा असलेली रेल, साधारण २१ मिलिमीटर रुंद, पिकॅटिनी किंवा वीव्हर. स्वस्त रेड डॉट जवळपास सगळे रुंद रेलसाठीचा पाय घेऊनच येतात, त्यामुळे डोव्हटेलवाल्याला मध्ये ॲडॅप्टर लावावा लागतो आणि एकाच्या जागी दोन जोड तयार होतात, म्हणजे ढिलं व्हायला दोन जागा.

डोव्हटेलची अडचण फक्त रुंदीची नाही, तिच्या कडेचा कोनही वेगवेगळा असतो, काही ठिकाणी ४५ अंश, काही ठिकाणी ६०. ॲडॅप्टरचा जबडा एका कोनाचा आणि रिसीव्हर दुसऱ्या कोनाचा असेल तर जबडा पूर्ण पृष्ठभागावर बसत नाही, फक्त एका रेघेवर चावतो. हाताला घट्ट वाटतो, हलवून बघितला तर हलत नाही, पण गोळ्यांचे ठोके बसत गेले की तो त्या रेघेवर घसरायला लागतो. माझं हेच झालं होतं. तपासायची सोपी पद्धत म्हणजे जबड्याच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करची शाई लावायची, बसवून घट्ट करायचा, परत काढायचा आणि शाई कुठे घासली गेली ते बघायचं. पट्टाभर घासली असेल तर बरं, केसासारखी एकच रेघ पुसली असेल तर तो ॲडॅप्टर तुमच्या रायफलचा नाही, कितीही आवळला तरी नाही. आणि आवळायच्या नादात रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असेल तर खाचेची कडच चेपते, मग चांगला माउंटही तिथे नीट बसत नाही, म्हणून पाना चालवताना जपून.

रुंद रेलवाल्यांसाठी दुसरी गंमतीची नसलेली गोष्ट. पिकॅटिनीची आडवी खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते आणि जुन्या वीव्हरची ४.५७. साइटच्या पायाखालचा आडवा दांडा पिकॅटिनीच्या मापाचा असेल आणि तुमची रेल वीव्हर असेल तर तो दांडा खाचेत उतरतच नाही, खाचेच्या दोन कडांवर टेकून राहतो. वरून बघून काही कळत नाही, बाजूचा स्क्रू आवळला जातो, सगळं बसल्यासारखं दिसतं, आणि साइट प्रत्यक्षात दोन टोकांवर तरंगत असते. बाजूने डोळा रेलच्या पातळीला आणून पाठीमागे उजेड धरा, पायाखालून प्रकाशाची चीर दिसली तर रोग सापडला. उलटं, म्हणजे वीव्हर मापाचा दांडा पिकॅटिनी खाचेत, हे बसतं पण पुढेमागे खेळतं. त्याला उपाय सोपा आहे, स्क्रू आवळायच्या आधी साइट नळीच्या तोंडाकडे ढकलून दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायचा आणि तसाच धरून आवळायचा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि साइट आपल्या वजनाने जागच्या जागी राहू बघते, म्हणजे रेलच्या हिशोबात पुढे जाते, ती आधीच पुढे टेकलेली असेल तर जायला जागाच उरत नाही. हे मी आता प्रत्येक माउंटला करतो, मापाचा असो नसो.

बसवायची पद्धत म्हणाल तर आधी सगळं उघडायचं. रेल, जबडे, स्क्रूचे आटे, सगळीकडचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. पॉइंट टू टू च्या रायफलवर तेल आणि मेणचट काजळी सगळीकडे पोचलेली असते, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. रेल वेगळी स्क्रूने बसवलेली असेल तर तिचे स्क्रू साइटच्या खाली झाकलेले असतात आणि ते कुणीच बघत नाही, ते आधी बघा, माझ्या ओळखीतल्या एकाची रेल चारपैकी दोनच स्क्रूवर उभी होती आणि त्याने बिचाऱ्याने दोन साइट बदलल्या होत्या. आट्यांना मध्यम ताकदीचं, निळं थ्रेड लॉकर एक थेंब, लाल नको, ते उघडायला तापवावं लागतं. मग माउंटसोबतच्या कागदावर जेवढा टॉर्क (आवळायचा जोर) दिलाय तेवढाच आवळायचा, टॉर्कचा पाना नसेल तर ॲलन कीचा आखूड हात दोन बोटांत धरून जेवढा जोर लागेल तेवढाच, आणि थ्रेड लॉकरला एक दिवस सुकू द्यायचं. लगेच रेंजवर पळायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी त्या रेघा ओढायच्या, नेलपॉलिश किंवा पेंट मार्कर, काहीही.

आणखी एक स्क्रू आहे जो साइटपासून लांब असल्यामुळे सुटून जातो, तो म्हणजे रिसीव्हर आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दस्ता जोडणारा. रुगर १०/२२ सारख्या रायफलमध्ये तर रिसीव्हर दस्त्यात एकाच मुख्य स्क्रूवर धरलेला असतो आणि नळी रिसीव्हरला दोन स्क्रूच्या व्ही ब्लॉकने. यातलं काहीही ढिलं झालं की डॉट जागेवर आणि नळीच हललेली. बघताना रायफल उभी धरून नळीच्या टोकाला हलकं इकडेतिकडे करायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट जोडावर ठेवायचं, खेळ असेल तर बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता गोळीकडे या, कारण अर्ध्या वेळा "झिरो गेला" म्हणजे झिरो गेलेलाच नसतो.

पॉइंट टू टू लाँग रायफलची गोळी बाहेरून मेणासारख्या वंगणाने माखलेली असते आणि ते वंगण नळीत आपला थर धरतं. एका ब्रँडवरून दुसऱ्यावर गेलात, किंवा नळी घासूनपुसून लख्ख केलीत, तर पहिल्या दहा-वीस गोळ्या त्या थराला परत जमवण्यात जातात आणि त्या कुठेही पडू शकतात. वर वेगाचा फरक आहे. स्टँडर्ड व्हेलॉसिटीवाली ४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघते, हाय व्हेलॉसिटीवाली ३७५ च्या आसपास, आणि आवाजाचा वेग मध्ये, ३४० च्या जवळ. दोघींचा झिरो एकच असायचं काही कारणच नाही, ५० मीटरवर दोन-चार सेंटीमीटरचा फरक सहज पडतो आणि तो फक्त वर-खाली पडत नाही, आडवाही पडतो. मागच्या वेळी कोणती गोळी होती हे आठवत नसेल तर झिरो गेला की नाही हे सांगताच येणार नाही. मी माउंटवरच्या पट्टीवर गोळीचं नाव, अंतर आणि तारीख लिहून चिकटवतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि तीन गोळ्यांवर क्लिक फिरवू नका हो, कृपा करून. साध्या गोळ्यांचा ग्रुपच, म्हणजे भोकांचा पुंजकाच, ५० मीटरवर चार-पाच सेंटीमीटरचा असेल तर तीन गोळ्यांचं केंद्र कुठेही येऊ शकतं, तुम्ही त्या योगायोगाच्या मागे क्लिक फिरवता, पुढच्या तीन गोळ्या दुसऱ्या बाजूला पडतात, परत फिरवता, आणि दिवस संपतो. दहा गोळ्या मारा, एकाच जागी नेम धरून, डॉट कुठेही न हलवता. मग दहाही भोकांचं केंद्र काढा आणि तेवढंच हलवा. हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे, १ एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर, ५० वर साडेचौदा, २५ वर सव्वासात. तुमच्या साइटचा क्लिक १ एमओएचा असेल आणि केंद्र ५० मीटरवर ४४ मिलिमीटर डावीकडे असेल तर उजवीकडे तीन क्लिक, बस्स. क्लिक अर्ध्या एमओएचा असेल तर सहा.

अंतराचाही गोंधळ होतो. ५० मीटरवर झिरो असलेली स्टँडर्ड गोळी २५ मीटरवर एक-दीड सेंटीमीटर वर लागते आणि १०० वर वीतभर खाली जाते. मागच्या वेळी कुठल्या लेनवर होतो हे विसरून लोक याला साइटचा दोष समजतात.

आता डोकं आणि डोळा. "रेड डॉटला पॅरॅलॅक्स नसतो, डॉट खिडकीत कुठेही असला तरी गोळी डॉटवरच जाते" असं सर्रास सांगितलं जातं आणि ते अर्धं खरं आहे. पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की डॉट टार्गेटवरून सरकणं. आतमध्ये एक छोटा एलईडी असतो, त्याचा लाल प्रकाश पुढच्या वक्र काचेवरच्या लेपावरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो. काच नीट घडवलेली असेल तर डॉट कडेला गेला तरी चूक खिडकीच्या अर्ध्या रुंदीएवढीच राहते, २० मिलिमीटरच्या खिडकीत ५० मीटरपर्यंत फार तर १० मिलिमीटर. स्वस्त काचेत कडेला वक्रता बिघडते आणि चूक यापेक्षा बरीच वाढते. म्हणजे डॉट मध्यभागी ठेवला तर स्वस्त साइटही खरं बोलते, कडेला गेला की फसवते.

आणि डॉट कडेला का जातो? बहुतेक वेळा माउंट गरजेपेक्षा उंच असल्यामुळे. खोक्यात जो उंच रायजर (साइट उंचावणारा ठोकळा) येतो तो एआर पद्धतीच्या रायफलसाठी असतो, सरळ दस्ता आणि उंच साइट. आपल्या साध्या उताराच्या दस्त्यावर तो लावला की गाल दस्त्यावर टेकतच नाही, हनुवटी टेकते, डोकं हवेत लटकतं आणि प्रत्येक गोळीला डोळा वेगळ्या जागी येतो. याचं लक्षण ओळखता येतं, ग्रुप उभा लांबट पडतो आणि बसून मारलेला आणि आडवं पडून मारलेला ग्रुप वेगवेगळ्या जागी येतो. बुटका माउंट लावा, डोळे मिटून गाल दस्त्यावर सहज ठेवा, डोळे उघडा, डॉट खिडकीच्या मध्याजवळ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मान ताणू नका, उंची बदला, किंवा दस्त्यावर गालाखाली पॅड लावा.

डॉट गोल न दिसता स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या कोळ्यासारखा किंवा दोन ठिपक्यांसारखा दिसत असेल तर साइट परत करायच्या आधी मोबाइलचा कॅमेरा खिडकीमागे धरून फोटो काढा. फोटोत गोल आला तर साइट चांगली आहे, डोळ्यात अस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या वक्रतेतला दोष) आहे. अजून खात्री करायची असेल तर रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरून हळूहळू आडवी करा, शेपूट रायफलसोबत फिरली तर दोष साइटचा, जागच्या जागी राहिली तर डोळ्याचा. ही गोष्ट झिरोशी कशी जोडलेली आहे? फाटलेल्या डॉटचा कुठला भाग टार्गेटवर धरायचा हे आपण दर वेळी वेगळं ठरवतो, आपल्याला कळतही नाही. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा लावूनच मारा आणि ब्राइटनेस कमी करा, डॉट स्पष्ट दिसेल एवढाच ठेवा. जास्त उजेडात डॉट फुलतो आणि चांगल्या डोळ्यालाही काटेरी दिसतो. तरी जमत नसेल तर कोरलेल्या रेटिकलची प्रिझम साइट बघा, तिची खूण काचेवरच कोरलेली असते म्हणून अशा डोळ्यांना बहुतेक वेळा बरी दिसते.

एवढं सगळं झाल्यावर आता साइटवर संशय घेऊ. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल पक्की बसवा, रिकामी, बोल्ट उघडा, आणि डॉट लांबच्या एखाद्या ठळक खुणेवर आणून सोडा. हात काढून घ्या. आता फक्त डोकं वर खाली डावीउजवीकडे करा आणि डॉट खुणेवरून किती सरकतो ते बघा. मग ब्राइटनेस एकेक पायरी बदला, डॉट जागेवरून उडी मारत असेल तर आतली बैठक ढिली आहे. मग वर १० क्लिक, उजवीकडे १०, खाली १०, डावीकडे १०, आणि डॉट मूळ खुणेवर परत आला पाहिजे. आला नाही तर स्क्रूमध्ये खेळ आहे.

पण इथे एक बारकावा, ज्यामुळे चांगल्या साइट नाहक परत जातात. समायोजनाचा स्क्रू आतल्या भागाला एका बाजूने ढकलतो आणि समोरून स्प्रिंग दाबते. स्क्रू आत नेताना हालचाल लगेच होते, बाहेर काढताना मात्र स्प्रिंगने ढकलायचं असतं, आणि स्वस्त साइटची स्प्रिंग आळशी असते, ती अडून बसते आणि पाच-सहा गोळ्यांच्या ठोक्याने अचानक सुटते. "क्लिक केलं तेव्हा काहीच झालं नाही, नंतर आपोआप हललं" ही तक्रार इथून येते. उपाय असा की बाहेर काढायचं असेल तर गरजेपेक्षा पाच-सहा क्लिक जास्त काढा आणि मग तेवढे परत आत या, म्हणजे शेवटची हालचाल नेहमी आत जाणारी राहील. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने साइटच्या अंगावर दोन-तीनदा हलकं टकटक करा. आणि झिरो करताना समायोजन अगदी टोकाला पोचत असेल तर तो मोठा इशारा आहे, माउंट तिरका बसलाय. टोकाला स्प्रिंग एक तर पूर्ण दबलेली असते किंवा पूर्ण सैल, सैल असेल तर तिथे झिरो टिकणारच नाही. सगळं परत मध्यावर आणून माउंट सरळ करा.

गोळी सुटताना डॉट लुकलुकतो किंवा गायब होतो, त्याचं मूळ बॅटरीच्या खणात. सीआर२०३२ सेल, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी, काही कंपन्या यावर लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप देतात आणि तो लेप कधीकधी स्पर्श अडवतो. सेलची कडा आणि तळ अल्कोहोलने पुसा, खणातली पत्ती किंचित वर उचला, झाकणाचे आटे साफ करून पूर्ण बंद करा. आणि हो, सेमी ऑटोवर (दर गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या रायफलवर) उघड्या प्रकारची साइट असेल तर एलईडीच्या भोकावर काजळी बसली का बघा, फुंकणीने आणि मऊ ब्रशने काढा, नळी साफ करायचं सॉल्व्हेंट काचेजवळ नेऊ नका, लेप जातो.

हे सगळं केलं आणि साइटच खोटी ठरली, किंवा पहिलीच घेताय, तर वरच्या सगळ्या रडकथेतून निवड कशी करायची ते आपोआप निघतं. मी पहिल्यांदा पाय बघतो. साइट आणि माउंट वेगळे होणारे हवेत, आणि स्क्रूची मांडणी प्रचलित असावी, उदाहरणार्थ एमपॉइंट कंपनीच्या मायक्रो साइटसारखी, कारण अनेक परवडणाऱ्या ट्यूब साइटनी तीच उचलली आहे आणि त्यामुळे बुटका किंवा थेट डोव्हटेलवर बसणारा माउंट पुढे मिळू शकतो. डोव्हटेलवाल्याने शक्यतो थेट डोव्हटेलचा माउंटच घ्यावा, ॲडॅप्टरवर ॲडॅप्टर नको. मग क्लिक. स्पष्ट, मोजता येणारे, बोटाला आणि कानाला कळणारे. गुळगुळीत फिरणारा स्क्रू असलेली साइट कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. मग बंद ट्यूब, २० किंवा २५ मिलिमीटरची, पॉइंट टू टू च्या काजळीत उघड्या साइटपेक्षा ही बरीच निर्धास्त.

डॉट २ किंवा ३ एमओएचा. ५० मीटरवर २ एमओए म्हणजे २९ मिलिमीटर झाकले जातात आणि ६ एमओए म्हणजे ८७. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल टार्गेटचा अख्खा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा आणि दहाचं वर्तुळ १०.४ चं, त्यावरून अंदाज येईल की मोठा डॉट किती खातो आणि लहान डॉटकडूनही किती अपेक्षा ठेवायची. डबे पाडायला, धावत्या टार्गेटला मोठा डॉट छान, झिरो तपासायला लहान.

ज्यासाठी पैसे मोजायची गरज नाही त्यात मोठ्या रायफलचा धक्का सोसायचा दावा येतो, पाच प्रकारची रेटिकलं (नेमाच्या खुणा) येतात, मागे लावायचा मॅग्निफायर येतो. बॅटरीच्या ५०,००० तासांच्या आकड्यावरही निवड करू नका, साधारण २२५ मिलिॲम्प-अवरचा सेल ५०,००० तास पुरायचा तर साइटने सरासरी साडेचार मायक्रोॲम्पच ओढायला हवेत, म्हणजे तो आकडा मंद उजेडाचा असतो, भर उन्हातल्या ब्राइटनेसचा नव्हे. त्यापेक्षा ब्राइटनेसच्या डायलवर प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये बंदची जागा असेल किंवा हलवल्यावर आपोआप सुरू होणारी असेल तर ते रोज उपयोगी पडतं.

नवीन साइट हातात आली की दुकानातच पुढून बघा काचेवर ओरखडा आहे का, पांढऱ्या भिंतीवर डॉट धरून मोबाइलने फोटो काढा, डायल सगळ्या पायऱ्यांवर फिरवा, दोन्ही स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून मधोमध आणून ठेवा. मग घरी तेल पुसून, पुढे ढकलून, बेताने आवळून बसवा, रेघा ओढा, एक दिवस ठेवा. रेंजवर पहिल्या २० गोळ्या २५ मीटरवर फक्त कागदावर आणायला, आणि ५० वर जायच्या आधी, क्लिकला हात लावायच्याही आधी, त्या रेघा एकदा उन्हात तिरक्या धरून बघा.